कारंजा (लाड) : कापूस बाजारपेठ ते रेल्वे स्थानक – उगम आणि प्रारंभीचा इतिहास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात लोहमार्गांचे जाळे विस्तारत गेले आणि त्याच्या आधाराने अनेक नवी गावे उदयास आली. स्थानक आधी, वस्ती नंतर आणि बाजार त्याहून नंतर, असा क्रम रेल्वेगावांच्या इतिहासात वारंवार आढळतो. भुसावळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाचा इतिहास मात्र या क्रमाला छेद देणारा आहे. येथे वस्ती आधीची होती, बाजार तिच्याइतकाच जुना होता आणि रेल्वे सर्वांत शेवटी आली. मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरील एक लहानसे स्थानक म्हणून कारंजा विसाव्या शतकात ओळखले जाऊ लागले. परंतु त्यापूर्वीच, १८८६ मध्ये, देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ येथे स्थापन झालेली होती.

रेल्वेमुळे कारंजाचा विकास झाला, असे विधान स्थानिक पातळीवर सहजपणे केले जाते. ते पूर्णतः चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कारंजाच्या बाजाराने रेल्वे आपल्याकडे ओढून आणली, आणि ज्या हेतूने व ज्या अटींवर ती आली त्यांनीच पुढे तिची मर्यादाही ठरविली, अशी मांडणी प्रस्तुत निबंधात केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रेल्वेपूर्व काळातील कारंजाच्या व्यापारी स्थानाचा आढावा घेणे.
२) १८८६ च्या नियंत्रित बाजारपेठेची पार्श्वभूमी व स्वरूप स्पष्ट करणे.
३) मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज मार्गाच्या उभारणीमागील आर्थिक कारणे तपासणे.
४) या मार्गाचा कारंजा व परिसरावर झालेला परिणाम आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन करणे.

रेल्वेपूर्व कारंजा :

कारंजा हे वऱ्हाडातील प्राचीन नगरांपैकी एक होय. करंज ऋषींच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगितली जाते. दत्त संप्रदायात या नगराला विशेष महत्त्व आहे. श्रीनृसिंह सरस्वती यांचा जन्म येथे झाला असे ‘गुरुचरित्रा’त नमूद असून परंपरेने त्यांचा जन्मकाळ इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानला जातो. दिगंबर जैन परंपरेतही कारंजाचे स्थान मोठे आहे. भट्टारकांची पीठे येथे होती व त्यांच्या आश्रयाने संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश हस्तलिखितांचे समृद्ध भांडार निर्माण झाले. गावाच्या नावापुढील ‘लाड’ हे उपपद लाड या व्यापारी समाजाशी जोडले जाते. देवस्थान, ग्रंथभांडार आणि व्यापारी पेठ या तीन गोष्टी एकाच गावी दीर्घकाळ टिकल्या, याचा अर्थ येथे धनसंचय होता आणि तो व्यापारातून येत होता.

या धनसंचयाची साक्ष मराठ्यांच्या इतिहासातही मिळते. १६७० मध्ये सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याने वऱ्हाडात शिरून कारंजा लुटले. जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या माहितीनुसार सुमारे एक कोटी रुपये किमतीचे उंची वस्त्र, सोने व चांदी चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेण्यात आली. हे आकडे तत्कालीन वार्तांवर आधारलेले असल्याने त्यांत अतिशयोक्ती संभवते. तथापि सुरतेपाठोपाठ ज्या गावाची निवड व्हावी ते गाव मोगल अंमलातील सामान्य कसबा नव्हते, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते. लुटीचा माल कशावरून नेला गेला, हा तपशीलही वाहतुकीच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बैलाची पाठ हेच तेव्हा कारंजाच्या व्यापाराचे वाहन होते, आणि पुढील दोनशे वर्षे त्यात मूलभूत बदल झाला नाही.

गावाला तटबंदी होती व तिच्या वेशी रस्त्यांच्या दिशेने ओळखल्या जात. दिल्ली वेस, पोहा वेस, दारव्हा वेस आणि मंगरूळ वेस ही नावे आजही प्रचलित आहेत. कोणत्या गावांशी कारंजाचा नित्य व्यवहार होता, याचा जणू नकाशाच या नावांतून उभा राहतो. पुढे लोहमार्ग कोणत्या दिशांनी गेला हे समजून घेतानाही ही नावे उपयोगी पडतात.

वऱ्हाडचा कापूस आणि मुख्य लोहमार्ग :

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवरून पाचशे मैलांवरील मिर्झापूरपर्यंत जात असे. मुंबईकडे थेट कापूस पाठविण्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयत्न १८२० च्या दशकात विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकार बंधूंनी केला. परंतु घाट आणि पावसाळा यांमुळे वाहतूक खर्च मोठा होता. माल वाटेत भिजे, धूळ व कचरा मिसळे आणि मुंबईस पोहोचेपर्यंत त्याची प्रत खालावे.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला. या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात हा योगायोग असला, तरी पुढील काळात त्या एकमेकींशी घट्ट बांधल्या गेल्या. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेव्यतिरिक्त कापसाचा दुसरा पुरवठा हवा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) ही गरज तीव्र झाली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापारी जगाचे लक्ष वेधले गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग याच काळात बांधला जाऊन १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला.

हा मार्ग मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा येथून गेला. सपाट भूभाग, पुलांचा कमी खर्च आणि नागपूरकडील सरळ दिशा हे निकष त्यामागे होते. परिणामी वऱ्हाडातील काही जुन्या बाजारपेठा मार्गापासून दूर राहिल्या. खामगाव हे तेव्हाचे सर्वांत मोठे कापूसकेंद्र मुख्य मार्गावर नव्हते, अमरावतीही नव्हती. मात्र या दोन्ही पेठा मुख्य मार्गापासून काही मैलांच्याच अंतरावर असल्याने त्यांना सरकारी खर्चाने लवकरच शाखा मिळाल्या. जलंबहून खामगावला जाणाऱ्या शाखेचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, आणि बडनेरा-अमरावती शाखाही त्याच सुमारास अस्तित्वात आली.

कारंजा मूर्तिजापूरच्या दक्षिणेस सुमारे २० मैलांवर होते. भरल्या बंडीला हे अंतर एका दिवसात उरकणे कठीण. त्यामुळे वाटेत मुक्काम अटळ होता. शाखा बांधण्यास हे अंतर सरकारच्या दृष्टीने जास्त, तर व्यापार सोडून देण्यास व्यापाऱ्यांच्या दृष्टीने कमी होते. म्हणून खामगाव व अमरावतीला जे १८७० च्या सुमारास मिळाले, त्यासाठी कारंजाला आणखी सुमारे चार दशके थांबावे लागले. या चार दशकांत कारंजाचा बाजार विझून मूर्तिजापूरला गेला असता तर त्यात नवल नव्हते. इतरत्र असे घडलेही आहे. कारंजात ते घडले नाही, आणि त्याचे एक महत्त्वाचे कारण १८८६ च्या घटनेत आहे.

१८८६ ची नियंत्रित बाजारपेठ :

शेतमालाच्या नियंत्रित विक्रीव्यवस्थेचा भारतातील इतिहास कारंजापासून सुरू होतो. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजाच्या कापूस बाजाराचे नियमन करण्यात आले. देशातील ही पहिली नियंत्रित बाजारपेठ मानली जाते.

हे नियमन कायद्याने न होता आदेशाने का झाले, याचे उत्तर वऱ्हाडच्या घटनात्मक स्थितीत आहे. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी प्रांत नावाने निजामाचाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. हैदराबाद येथील रेसिडेंटमार्फत आदेश काढून प्रशासन चालविले जाई. या व्यवस्थेमुळे लहान क्षेत्रात नवा प्रयोग करणे प्रशासनाला सुलभ गेले असावे. कारंजातील प्रयोगानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजार कायदा करण्यात आला आणि प्रांतातील इतर पेठाही त्याच्या कक्षेत आणण्याची तरतूद झाली.

नियमनाची आवश्यकता समजण्यासाठी तेव्हाचा व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. शेतकरी बंडीत कापूस भरून पेठेत येई. अडत्या त्याच्या वतीने माल विके, दलाल खरेदीदार आणी, मापारी वजन करी आणि हमाल माल उतरवी. प्रत्येकाचा वाटा शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होई. भाव कापडाखाली बोटांच्या खुणांनी ठरविण्याची रीत असल्याने मालाचा धनी समोर उभा असूनही त्याला भाव कळत नसे. वजनात कडता कापला जाई, तो किती असावा याला बंधन नव्हते. दुसरीकडे ओला किंवा कचरा मिसळलेला कापूस विकला जाण्याची तक्रार खरेदीदार करीत. निश्चित जागा, निश्चित वजनमापे, परवानाधारक मध्यस्थ आणि ठरलेली हशील हे नियमनाचे मुख्य घटक होते.

तथापि हा प्रयोग केवळ शेतकऱ्याच्या हितासाठी झाला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. इंग्लंडमधील गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावाने आणि खात्रीने मिळावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. १८९७ च्या कायद्याखालील बाजार समित्यांवर व्यापारी आणि नगरपालिका यांचे प्राबल्य होते, कापूस पिकविणाऱ्यांना त्यांत स्थान नव्हते. बाजाराचे उत्पन्न नगरपालिकेच्या सर्वसाधारण खर्चाकडे वळविले जाई. १९२८ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या पद्धतीची दखल घेऊन इतर प्रांतांनी नियंत्रित बाजार स्थापावेत अशी शिफारस केली, त्याच वेळी तिच्यातील उपरोक्त दोषांकडेही लक्ष वेधले. कारंजात जे आरंभले गेले त्याचे गुण आणि दोष, दोन्ही पुढे देशभर चर्चिले गेले.

कारंजाच्या दृष्टीने या नियमनाचा परिणाम वेगळाच झाला. रेल्वेपासून २० मैल दूर असलेल्या पेठेला शासनमान्य दर्जा मिळाला. खरेदीदाराला मालाची आणि शेतकऱ्याला वजनाची काही अंशी हमी मिळाल्याने परिसरातील कापूस कारंजात येत राहिला. रेल्वे नसतानाही बाजार टिकला तो या संस्थात्मक आधारामुळे, असे म्हणण्यास जागा आहे.

नॅरोगेज मार्गाची उभारणी :

विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडची प्रशासकीय स्थिती बदलली. १९०२ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची पुनर्रचना होऊन तत्कालीन वाशीम जिल्हा रद्द झाला. कारंजा ज्या मूर्तिजापूर तालुक्यात होते तो तालुका अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात आला. प्रांताच्या मालकीसंबंधीची अनिश्चितता संपल्यानंतर दीर्घ मुदतीच्या खासगी गुंतवणुकीस अधिक अनुकूल वातावरण निर्माण झाले.

सरकारने शाखामार्गांसाठी खासगी भांडवलाला उत्तेजन देण्याचे धोरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्वीकारले होते. मुख्य मार्गाला माल पुरविणारे लहान मार्ग खासगी कंपन्यांनी बांधावेत, ते मुख्य कंपनीने चालवावेत आणि उत्पन्नाची वाटणी करारानुसार व्हावी, असे त्याचे सूत्र होते. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने अशा अनेक मार्गांमध्ये रस घेतला. तिच्या व्यवस्थापनाखाली १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग या कंपनीचा होय. त्यापैकी मूर्तिजापूर-अचलपूर हा उत्तरेकडील भाग सुमारे ७६ किलोमीटरचा, तर कारंजावरून जाणारा मूर्तिजापूर-यवतमाळ हा दक्षिणेकडील भाग सुमारे ११३ किलोमीटरचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा मार्ग वाहता झाला आणि तो चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे राहिले.

मुख्य मार्गाची रुंदी १,६७६ मिलिमीटर (५ फूट ६ इंच), तर या शाखेची ७६२ मिलिमीटर (२ फूट ६ इंच) ठेवण्यात आली. या निर्णयामागे काटकसर होती. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, हलके रूळ चालतात, भूभागाच्या चढउतारानुसार वळणे घेता येतात आणि पूल लहान बांधता येतात. कापसाचा हंगाम साधारणतः कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंतचा असतो. वर्षातील काही महिनेच भरपूर माल मिळणाऱ्या मार्गावर ब्रॉडगेजचा खर्च करणे भागधारकांना परवडणारे नव्हते.

मार्गाची आखणी पाहिली असता बाजार आधी आणि रेल्वे नंतर हा क्रम स्पष्ट होतो. मूर्तिजापूरहून निघालेली गाडी किनखेड, विळेगाव, भडशिवणी आणि पोहा ही स्थानके घेत कारंजाला येई आणि पुढे सोमठाणा, दारव्हा, लाडखेड, लासीना या वाटेने यवतमाळला जाई. कारंजाच्या पोहा वेशीचे आणि दारव्हा वेशीचे नाव ज्या गावांवरून पडले, तीच गावे या मार्गावर कारंजाच्या अलीकडे व पलीकडे आहेत. रुळांनी नवी दिशा निर्माण केली नाही. शतकानुशतके बंड्या ज्या गावांदरम्यान जात होत्या, त्याच गावांना ते जोडत गेले. मंगरूळ वेशीची दिशा मात्र या मार्गाच्या बाहेर राहिली, आणि त्यामुळे आजच्या वाशीम जिल्ह्याचा मोठा भाग या रेल्वेपासून वंचित राहिला.

स्थानक, सरकी-कारखाने आणि गाव :

रेल्वेचा लाभ समजून घेण्यासाठी कापसाच्या वजनाचे गणित पाहणे उद्बोधक ठरते. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुईचा वाटा साधारणतः एक तृतीयांश असतो, उरलेला भाग मुख्यतः सरकीचा. कच्चा कापूस दूर नेणे म्हणजे दोन तृतीयांश वजन विनाकारण वाहणे होय. म्हणून सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे जिनिंग, कापूस पिकतो त्या परिसरातच उभारणे हिताचे असते. रुई हलकी झाली तरी फुगीर असते, डबा लवकर भरतो पण वजन भरत नाही. ती दाबून गाठ बांधली की अडचण दूर होते. त्या काळी रुईची गाठ ३९२ पौंडांची आणि दोन गाठींची ७८४ पौंडांची खंडी मानली जाई. एका खंडीसाठी सुमारे तिप्पट वजनाचा कापूस लागे. बंडीतून आलेल्या कापसाची कारंजात सरकी काढून, रुई दाबून ती गाठींच्या रूपात गाडीत चढविणे यात बाजार, कारखाना आणि स्थानक एकाच साखळीत जोडले गेले.

या साखळीने गावात रोजगाराचे नवे प्रकार आणले. तोलार, हमाल, जिनिंगमधील मजूर आणि गाडीवान यांचा हंगामी व्यवसाय वाढला. जिनिंगमधील कामात स्त्रियांचा वाटा मोठा असे. मुंबईचे आणि त्यामागून लिव्हरपूलचे भाव तारेने वऱ्हाडात पोहोचत असल्याने भावांतील चढउतार पूर्वीपेक्षा लवकर जाणवू लागले. माल केव्हा निघेल आणि केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधता येऊ लागला, ही गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने वेगापेक्षाही महत्त्वाची होती.

रेल्वेचा उपयोग कापसापुरता मर्यादित राहिला नाही. दत्तभक्त व जैन यात्रेकरूंना कारंजाला येणे सोपे झाले. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम ही निवासी शिक्षणसंस्था स्थापन झाली. १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन व डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्यांच्या चिकित्सक आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या आणि येथील हस्तलिखिते विद्वज्जगाला परिचित झाली. या कार्याचे श्रेय रेल्वेला देणे अयोग्य ठरेल. परंतु बाहेरच्या जगाशी जोडलेले आणि बाजारामुळे संपन्न असलेले गाव अशा कार्याला आश्रय देऊ शकले, हे नाकारता येत नाही.

मर्यादा आणि विषम लाभ :

नॅरोगेजची काटकसर ज्या मार्गाने झाली, त्याच मार्गाने तिची मर्यादाही आली. मार्गाची रुंदी वेगळी असल्याने कारंजात भरलेला डबा मुंबईपर्यंत जाऊ शकत नव्हता. मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा चढवावी लागे. या चढउतारीत वेळ, मजुरी आणि नुकसान होई. बैलबंडीच्या काळात मूर्तिजापूरला जे करावे लागे, ते रेल्वेच्या काळातही सुटले नाही. पुढे मोटारट्रक आल्यावर जिनिंगच्या आवारात भरलेला माल थेट इच्छित स्थळी नेता येऊ लागला, तेव्हा या मार्गाच्या मालवाहतुकीचा पाया ढासळला. त्याचे बीज मूळ आखणीतच होते.

दुसरी मर्यादा लाभाच्या वाटणीची होती. लोहमार्गाने कापसाची लागवड वाढविली, परंतु त्याबरोबर शेतकऱ्याचे बाजारावरील अवलंबित्वही वाढले. ज्वारीखालील जमीन कापसाकडे वळल्याने अन्नधान्याबाबतची सुरक्षितता कमी झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हे प्रकर्षाने दिसून आले. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. मुख्य लोहमार्ग तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ वऱ्हाडातून धावत होता. मार्ग असणे आणि पोटाला अन्न असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दशकाने दाखवून दिले. कारंजाची शाखा या अनुभवानंतर बांधली गेली, तरीही तिचा हेतू धान्य आणणे हा नव्हता, कापूस नेणे हाच होता.

उत्तरकाळ :

या मार्गाचे वैशिष्ट्य म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळातही त्याची मालकी कंपनीकडेच राहिली. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा गाडी चालविण्याची जबाबदारी तिच्याकडे आली, पण मार्ग मात्र कराराने वापरला जात राहिला. १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर सेवेत होते, त्यानंतर डिझेल इंजिन आले. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले. कापूस गाडीतून निघून गेला, तरी अल्प भाड्यात प्रवास करणारे मजूर, विद्यार्थी आणि बाजाराला जाणारे ग्रामस्थ यांच्यासाठी ती दीर्घकाळ धावत राहिली. २०१६ मध्ये मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा झाली. त्याच दशकात कारंजावरून धावणारी गाडी मात्र बंद पडली.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्ह्याची पुनर्निर्मिती होऊन कारंजा त्यात समाविष्ट झाले. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या वाशीमला लोहमार्ग मिळाला तो पूर्णा-हिंगोली या निजामकालीन मीटरगेज मार्गाच्या स्वातंत्र्योत्तर विस्तारातून, आणि अकोला-पूर्णा मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर २००८ मध्ये झाले. एकाच जिल्ह्यातील या दोन मार्गांचा एकमेकांशी कधीही सांधा जुळला नाही. एक मुंबईच्या भांडवलाने वऱ्हाडच्या कापसासाठी आखला गेला, तर दुसऱ्याचे मूळ हैदराबाद संस्थानच्या रेल्वेत होते. जिल्ह्याच्या आजच्या सीमा नंतरच्या आहेत, रूळ मात्र जुन्या सत्ताविभागणीचा ठसा जपून आहेत.

निष्कर्ष :

१) कारंजा हे रेल्वेने निर्माण केलेले गाव नाही. धार्मिक केंद्र व व्यापारी पेठ म्हणून त्याचे अस्तित्व रेल्वेपूर्व आहे आणि रेल्वेने जुन्या व्यापारी दिशांचाच अवलंब केला.

२) मुख्य मार्गापासून २० मैल दूर असूनही कारंजाचा बाजार टिकला, त्यामागे १८८६ च्या नियमनाचा संस्थात्मक आधार महत्त्वाचा होता. लोहमार्गाइतकेच खात्रीचे वजन आणि नियमबद्ध व्यवहार हेही बाजाराला जगविणारे घटक असतात.

३) नियंत्रित बाजार आणि नॅरोगेज मार्ग या दोहोंचा मूळ हेतू कापसाचा पुरवठा सुरळीत करणे हा होता. उत्पादकाचे हित हा त्यांचा आनुषंगिक परिणाम होता. बाजार समितीत शेतकऱ्याला स्थान नसणे आणि मार्गाची रुंदी मुख्य मार्गाशी न जुळणे, या दोन्ही उणिवा त्याच हेतूतून उद्भवल्या.

४) ज्या मार्गाची उभारणी एकाच मालासाठी झाली, तो माल दूर जाताच त्याचे आर्थिक समर्थन संपले. लोकांच्या लेखी मात्र त्याची उपयुक्तता संपलेली नव्हती. या मार्गाच्या भवितव्याचा विचार करताना कापसाच्या गाठींपेक्षा त्यावरून प्रवास करणाऱ्या माणसांचा हिशोब मांडणे अधिक न्याय्य ठरेल.

कारंजाच्या वेशींतून बंड्या जात होत्या तेव्हाही बाजार होता आणि गाडी थांबल्यानंतरही तो आहे. लहान रेल्वेगावांचा इतिहास लिहिताना स्थानकाच्या स्थापनेपासून आरंभ न करता त्या स्थानकाची गरज ज्या बाजाराने निर्माण केली तेथून आरंभ केला पाहिजे, हेच कारंजाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.